शेवगा आणि सिनेमातल्या राण्या

माझं लग्न झालं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. मूळची मी भोरची. मराठी शिकवते. बदली होऊन वेल्ह्याच्या शाळेत आले आणि तिथंच हे स्थळ आलं. बिजवर. एसटीत चालक, पहिली बायको दोन वर्षांमागं आजारपणात गेलेली, पदरी एक आठ वर्षांची मुलगी. माझं लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळं घरच्यांनी फार विचार केला नाही. मीही केला नाही.

मुलीला घेऊन हे पहिल्यांदा शाळेत भेटायला आले. "ह्या बाई हायेत," त्यांनी तिला सांगितलं. तिनं हात जोडले, "नमस्ते बाई." लग्नानंतरही ती मला बाईच म्हणत राहिली. आळीतल्या बायका तिला शिकवायच्या, "आता आई म्हनायचं हां." मी म्हणायचे, राहू दे, तिला हवं ते म्हणू दे. सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आई म्हणून कुणी हाक मारली असती तर ओ कशी द्यायची, हेच मला ठाऊक नव्हतं.

यांची गाडी बऱ्याचदा पुण्याला मुक्कामी असायची. घरात संध्याकाळी आम्ही दोघीच. बोलायला काही नसायचं. 'अभ्यास झाला?' 'झाला.' 'भूक लागली?' 'न्हाई.' मग टीव्ही लागायचा. तिला जादूचे सिनेमे आवडायचे, हिंदीत डबिंग केलेले. उडणारे राक्षस, बर्फाचे किल्ले, बोलणारी झाडं, तलवारीतून निघणारा निळा उजेड. वेल्ह्यात पावसाळ्यात वीज सारखी जाते, मग ती माझा मोबाईल मागायची आणि उरलेला सिनेमा त्यावर बघायची. मी शेजारी वह्या तपासत बसायचे. हळूहळू वह्या बाजूला पडल्या आणि मीही बघायला लागले.

बघता बघता लक्षात यायला लागलं की हे सगळं मला पाठ आहे. संगणकावर केलेले पंख, खवले, आगीचे लोट काढून घेतले की खाली जुनीच गोष्ट उरते. तिघांतला धाकटा, ज्याला सगळे येडा समजतात. उघडू नको म्हणून सांगितलेलं दार. वाटेत भेटणारी म्हातारी. तिला जो पाणी देतो त्याचं भलं होतं, जो पुढं निघून जातो तो दगड होतो. आठवीच्या वर्गात लोककथेचा धडा शिकवताना मी हे मुलांना सांगायचे आणि मुलं भराभर सिनेमांची उदाहरणं द्यायची. तो तास रंगायचा. घरी आल्यावर मात्र तीच गोष्ट मला जड जायची, कारण त्या प्रत्येक दुसऱ्या सिनेमात एक राणी असायची.

मुलीची आई मेल्यावर आलेली राणी. लांब नखं, उंच कॉलरचा काळा झगा, गालाची हाडं वर आलेली. ती पडद्यावर आली की मी दूध बघायला म्हणून आत जायचे. दूध कधीचंच तापून झाकलेलं असायचं. मी ओट्याशी उभी राहून तिचा आवाज ऐकायचे आणि मला वाटायचं, बाहेर ही पोर आता दाराकडं बघत असेल.

या राणीमुळं मी घरात फार जपून वागायला लागले. मुलीला कधी केर काढायला सांगितलं नाही. पाणी भरायला, दुकानात जायला सांगितलं नाही. ताट मी वाढायचे, मीच उचलायचे. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अवो, पोरीच्या जातीला कामाची सवय नको का? लाडावून ठेवलीया निस्ती." मी हसले. लाड नव्हते ते. ती घरात पाहुण्यासारखी राहत होती आणि तशी मीच तिला ठेवली होती, स्वतःचं नाव खराब होऊ नये म्हणून.

घराच्या मागं शेवग्याचं झाड होतं. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंट येतात, गोधडी पांघरल्यासारखे एकमेकांना चिकटून. त्या वर्षी ते फारच झाले. मोरीच्या भिंतीवर आले, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरले. मुलीच्या मानेवर आणि पाठीवर गांधी उठल्या, ती खाजवून खाजवून लाल झाली. मी यांना फोन केला. गाडी स्टँडवर उभी होती, प्रवासी चढत होते. "झाड काढून टाकू का?" मी विचारलं. "काढायचं तर काढ," हे म्हणाले आणि घंटी वाजली म्हणून फोन ठेवला.

मी अर्धी रजा काढली आणि एक माणूस कुऱ्हाड घेऊन आला. मुलगी तेव्हा शाळेत होती. शेवग्याचं लाकूड मऊ, त्याला वेळ लागला नाही, बुंधाही त्यानं मुळासकट उकरून काढला. वरचा कोवळा पाला चांगला होता, तो मी काढून घेतला, आळीत वाटला आणि उरलेल्याची मुगाची डाळ घालून भाजी केली. संध्याकाळी ती आली. मागच्या दारात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मी बघितलं तर ती खाली बसून ओल्या जमिनीवर पडलेल्या ढलप्या उलट्यापालट्या करत होती. मी म्हटलं, "हात नको लावू गं, अजून सुरवंट असतील." ती उठली, हातपाय धुतले, जेवायला बसली. भाजी खाल्ली. आठवड्यात तिच्या अंगावरच्या गांधी गेल्या आणि एक काम नीट झालं असं मला वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत एक सिनेमा लागला. राजाच्या मुलीची आई मरते आणि किल्ल्याच्या मागं एक चांदीचं झाड उगवतं. मुलीला काही हवं असलं की ती झाडापाशी जाऊन रडते आणि फांदी खाली येते. मग नवी राणी. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मुलगी शांतपणे म्हणाली, "आता ती झाड तोडनार बगा."

"तू बघितलायस का हा आधी?"

"न्हाई. ही आईची गोष्ट हाय."

पडद्यावर राणीनं खरोखर शिपायांना बोलावलं. मी आवाज कमी केला. "आई कशी सांगायची?"

"आईच्या गोष्टीत शेवगा हाय," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "आई मरती आन् घराच्या मागं शेवगा होऊन उगवती. सावत्र आई पोरीला खाया देत न्हाई, तर शेवगा वाकून तिला शेंगा देतो. मग सावत्र आई म्हनती, ही उपाशी आसून जाडजूड कशी? मग ती चोरून बगती आन् झाड तोडती."

"मग?"

"मग ढलपीतनं पाखरू निगतं आन् पोरीला घिऊन जातं." पाय वर घेऊन ती म्हणाली, "म्या बगितलं. न्हाई निगालं."

ती माझ्यावर रागावलेली नव्हती. सुरात तक्रारही नव्हती. गणिताचं उत्तर जुळलं नाही हे सांगावं तसं तिनं सांगितलं आणि पुढं सिनेमा बघत राहिली. मी तिथंच बसून होते. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तो हात कुणाचा म्हणून ठेवायचा हे कळेना.

दुसऱ्या दिवशी हे आले तेव्हा मी विचारलं, "तो शेवगा कुणी लावला होता?"

"तिनंच. माहेरावनं फांदी आनलेली, गुंजवण्यावनं," हे बूट काढता काढता म्हणाले. "का गं?"

"मग त्या दिवशी सांगायचं नाही का?"

"अगं, शेवगा त्यो. कुटंबी रोवला की येतो. त्यात काय सांगायचं?" मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "माज्या ध्यानातच न्हाई आलं."

त्यांच्या ध्यानात आलं नाही यात त्यांचा दोष नव्हता, माझाही म्हटला तर नव्हता. पोरीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. कुणालाही सांगितलं असतं तर त्यानं म्हटलं असतं, बाई, बरोबर केलंत. पण गोष्टीतल्या सगळ्या राण्यांना काही ना काही कारण असतंच की. मी वर्षभर केरसुणी आणि घागर तिच्यापासून लांब ठेवत होते, आणि जे करायला नको होतं ते सरळ, भर दुपारी, माणूस लावून केलं होतं. वर त्याची भाजी तिला वाढली होती.

मग मी एक उपाय शोधला. हल्लीच्या सिनेमांत राणी नेहमीच वाईट नसते हे मला माहीत होतं. नव्या लोकांना तिचीही बाजू सांगावीशी वाटते. तसा एक सिनेमा मी शाळेतल्या एका बाईंना विचारून शोधला, आधी स्वतः पूर्ण बघितला आणि मग, सहज लावल्यासारखा, मुलीसमोर लावला. त्यात एक चेटकीण राजाच्या मुलीला बर्फाच्या किल्ल्यात वाढवते. सगळ्यांना वाटतं तिनं मुलीला कैद केलंय. शेवटी कळतं की ती एका राक्षसापासून मुलीला वाचवत होती, त्यासाठी तिनं स्वतःचं आयुष्य घातलं. शेवटी मुलगी तिला मिठी मारते. पहिल्यांदा बघताना मी एकटी रडले होते.

मुलीनं सगळा सिनेमा मन लावून बघितला. शेवटी नावं वर सरकायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "बाई, हिची खरी आई कुटं गेली?"

"ती सुरुवातीला वारली ना."

"ते म्हाईत हाय. पन मग तिचं काय झालं? तिचं नाव पन न्हाई सांगितलं."

ती म्हणत होती ते खरं होतं. मी दोनदा बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या पाचेक मिनिटांत एक बाई पलंगावर पडलेली दिसते, तिचा चेहराही धड दिसत नाही, आणि मग कुणी तिची आठवणसुद्धा काढत नाही. चेटकिणीला चांगली करायची तर आईला पुसून टाकायलाच हवं होतं. जुन्या गोष्टीत निदान ती झाड होऊन मागं उभी तरी राहायची. आणि असा सिनेमा मी मुद्दाम शोधून, बेत करून त्या पोरीपुढं ठेवला होता. झाड तोडताना मला काही माहीत नव्हतं. हे मात्र मी जाणूनबुजून केलं.

सुट्टी संपायच्या आत मी तिला घेऊन गुंजवण्याला निघाले. लग्नानंतर मी तिथं गेले नव्हते. हेच तिला अधूनमधून नेऊन आणायचे. मार्गासनीला एसटीतून उतरलो आणि वडापच्या जीपमध्ये बसलो. मुलगी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून त्याला कोण कुठं उतरणार ते सांगत होती. इतकी बडबडताना मी तिला घरात कधी ऐकली नव्हती.

तिची मावशी, गावातच दिलेली, खाचराच्या बांधावर होती, भाताची कापणी चालली होती. माझ्याच वयाची, किडकिडीत. विळा ठेवून ती आमच्याबरोबर घरी आली. मुलगी मामेभावंडांत पळाली. मावशीनं चहा ठेवला आणि मी तिथंच चुलीपाशी बसून तिला सगळं सांगितलं. झाडाचं, भाजीचं, ढलप्यांचं. मग म्हटलं, "तुमच्याकडची फांदी मिळाली तर पुन्हा लावीन म्हणते. ती गोष्ट तुमच्या घरातली जुनी असेल, मला ठाऊक नव्हती."

मावशी चहा गाळायची थांबली. "कसली जुनी? ती टीव्हीतली हाय."

"म्हणजे?"

"आमच्यात न्हाई असली गोष्ट. पोर ल्हान व्हती तवा तिची आई हितं ऱ्हायाला आलती. तवा आमी दोगी बसून पिच्चर बगायचो. त्यातल्याच एकात झाड व्हतं, कसलं चकचकीत. तिनं त्याचा शेवगा केला, पोरीला समजावं म्हनून. लई गोष्टी तिनं तशाच केल्यात. राक्षसाचा रानडुक्कर केला. किल्ल्याचा राजगड केला."

मी शाळेत शिकवत होते की सिनेमे जुन्या गोष्टींवरून निघतात. इथं एका आईनं सिनेमातून जुनी गोष्ट काढली होती, आणि तो सिनेमा पुन्हा कुठल्या तरी देशातल्या आईच्या गोष्टीतून निघाला असणार.

मावशीनं कप माझ्यापुढं ठेवला. "तवा ती धडधाकट व्हती, बाई. गंमत म्हनून सांगितली. मग दुकनं निगालं. दवाखान्यातनं घरी आनली तवा ती मला एकच सांगायची. म्हनायची, दाजी काय एकटे ऱ्हानार न्हाईत, पोर ल्हान हाय, कुनीतरी येनार. आन् म्या पोरीच्या डोक्यात हे काय भरून ठिवलं? तिला लई लागून ऱ्हायलं व्हतं ते."

"मग?"

"मग तिनं गोष्ट बदलाया बगितली. सावत्र आई झाडाला पानी घालती, असं काय काय. पन पोर आईकंना. म्हनायची, तशी न्हाई ती गोष्ट, तू इसरली. पोरं कशी आसत्यात, एक शबूद हलू देत न्हाईत." ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "तिचा जीव त्याच्यात घुटमळला बगा. तुमाला कदी बगितलंबी न्हाई, पन तुमची माफी मागायची ऱ्हायली म्हनायची."

माझा चहा गार झाला. मी आले होते पोरीच्या आईकडं चूक कबूल करायला, आणि तीच आधी माझी वाट बघून गेली होती. वाटलं होतं, हे ऐकून मला हलकं वाटेल. वाटलं नाही. ती मरताना माझ्यासाठी झुरली होती आणि मी तिच्या घरात शिरून तिला विसरायला लावणारा सिनेमा शोधत होते.

निघताना मावशीनं परड्यातल्या शेवग्याची मनगटाएवढी फांदी तोडून दिली. मुलीनं ती बघितली आणि विचारलं, "ही कशाला?"

"घरामागं लावू. तिथंच."

तिनं मान हलवली. "नको. ते निराळं झाड व्हईल."

मावशी काही बोलणार होती, मी तिला हातानं थांबवलं. फांदी आम्ही तिथंच परड्यात ठेवली. परतीच्या वाटेवर तिला जीपमध्ये झोप लागली आणि डोकं माझ्या दंडावर आलं. मी मार्गासनीपर्यंत हात हलवला नाही.

त्यानंतर काही एकदम बदललं नाही. आता ती सहावीत आहे. जादूच्या सिनेमांना मैत्रिणींबरोबर हसते, "बाई, ह्यो राक्षस बगा, रबराचा वाटतोय," म्हणते. माझ्या शाळेत आली, वर्गात पहिल्या बाकावर बसते. सहावीच्या पुस्तकातही एक लोककथा आहे, ती आली की मी सावत्र आईचा भाग भरभर वाचून टाकते, हे तिच्या लक्षात येत असणार. ती पुस्तकातून मान वर करत नाही.

गेल्या थंडीत तिला ताप आला. मी रजा टाकली. दुपारी औषध घेऊन ती पडली होती, झोप येत नव्हती. म्हणाली, "बाई, गोष्ट सांगा."

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा मागितली होती. "कुठली सांगू?"

"कुटली पन. आई मेलेली नको."

मी विचार करत बसले. मला येत होत्या त्या सगळ्या गोष्टी आठवल्या, पुस्तकातल्या, पडद्यावरच्या. सगळीकडं आई पहिल्या पानावरच गेलेली. ती गेल्याशिवाय पोर घराबाहेर पडत नाही, आणि पोर बाहेर पडल्याशिवाय गोष्ट होत नाही. मराठीची शिक्षिका मी, आणि एका तापलेल्या पोरीला सांगायला माझ्याकडं जिवंत आईची एक गोष्ट नव्हती.

शेवटी मी तिला माझ्या आईचं सांगितलं. भोरला नदीवर कपडे धुताना तिची एक चप्पल वाहून गेली. दुसरी टाकून द्यायला ती तयार होईना. एकच चप्पल घालून भर बाजारातून ती लंगडत घरी आली, वाटेत भेटेल त्याला ती चप्पल दाखवून, हिची जोडीदारीण कुठं दिसली तर सांगा, म्हणत.

मुलगी उशीवर हसली. "ही पन सिनेमातलीच हाय. चप्पल हरवती ती."

"नाही गं. खरी आहे."

"म्हंजे लग्नात आलेल्या त्या आजी? त्या अजून हायेत?"

"आहे की. भोरला."

"मग त्या आपल्याकडं का येत न्हाईत?"

मी म्हटलं, गुडघे दुखतात तिचे. गुडघे दुखतात हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं. मीच तिला येऊ नको म्हणाले होते. ज्या घरात एका पोरीला आई नाही तिथं मी माझी आई कशी मिरवायची, असं मला वाटायचं. भोरला जायचे तीही एकटीच, शाळेचं काम आहे सांगून. पोरीला दुखू नये म्हणून मी हे करते आहे असं समजत होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी ताप उतरल्यावर मी आईला फोन लावला. रविवारी येतो म्हटलं, दोघी. आई म्हणाली, "पोर काय खाते गं? तिच्या आवडीचं काय करू?"

मला सांगता येईना. ती कशाला नाही म्हणत नाही एवढंच मला माहीत होतं. मी फोन तिच्याकडं दिला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला. "हॅलो आजी," ती म्हणाली. पलीकडून आईचं काहीतरी लांबलचक चाललं होतं. मुलगी ऐकत होती, मान डोलावत होती, फोनवर मान डोलावलेली दिसत नाही हे तिच्या ध्यानात नव्हतं. मग तिनं हळू आवाजात, मी शेजारी बसलेली असताना, आपल्याला काय आवडतं ते सांगायला सुरुवात केली.